किनाऱ्यावरची गाडी आणि घरचा पाना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गाडी घेतली आहे, स्वतःच्या हाताने तिला काहीतरी करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

खालून. दिवे, म्युझिक, स्पॉयलर हे सगळं नंतर. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीला पहिली सुधारणा लागते ती पाणी आणि मीठ यांच्याविरुद्ध. ती कुणाला दिसत नाही, तिचा फोटो निघत नाही, म्हणून कुणी करतही नाही. पुण्यातल्या माणसाचा व्हिडिओ बघून तुम्ही जी वायर जोडाल ती पुण्यात पाच वर्षं टिकेल, इथे दुसऱ्या पावसाळ्यात आतून हिरवी पडेल. खालची बरीचशी उत्तरं या एका फरकातून आलेली आहेत.

हत्यारं कोणती घेऊ?

कामाप्रमाणे घ्या, यादीप्रमाणे नको. मारुती, ह्युंदाई, टोयोटा असेल तर १०, १२ आणि १४ मिलिमीटर या तीन मापांवर निम्मी गाडी उघडते. फोक्सवॅगन किंवा स्कोडा असेल तर १३ आणि १६ लागतात आणि चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिटही लागतात. म्हणजे ८ ते १९ मापांच्या गोट्यांचा (सॉकेटचा) एक बरा सेट, सोबत रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दात्यांचा दांडा, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन. गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटावर घसरते आणि नटाचे कोपरे खाऊन टाकते, आणि इथे नट गंजलेलाच असतो.

त्यानंतर एका बाजूने रिंग आणि दुसऱ्या बाजूने उघडा असे पाने, चांगल्या टोकाचे दोन स्टार स्क्रू ड्रायव्हर, दोन चपटे, पक्कड, नोज प्लायर, एलन कीचा संच, कपाळाला लावायची बॅटरी आणि मल्टीमीटर. मल्टीमीटरला घाबरून लोक टेस्ट लॅम्प घेतात. साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प आजकालच्या गाडीत सरसकट टोचत फिरू नका. तो जास्त करंट ओढतो आणि नाजूक सर्किटला ते सोसत नाही. पिवळ्या कपलरला (वायरी जोडायच्या प्लगला) किंवा पिवळ्या नळीतल्या वायरला तर काहीच लावायचं नाही, मल्टीमीटरसुद्धा नाही. ती एअरबॅगची वायर असते.

टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने नट कसला ते मोजणारा पाना, लोक चैन समजतात. चाकाचे नट पायाने दाबून कसायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यामुळे स्टड ताणला जातो आणि पुढच्या वेळी रस्त्यात पंक्चर झालं की नट निघत नाही. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पुरतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. नटाचं माप मारुतीला १९, ह्युंदाईला २१. गाडीसोबत येणारा पाना आखूड असतो, एक लांब दांड्याचा वेगळा घेऊन डिकीत टाका.

शंभरावर नगांची मोठी पेटी स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?

नको. त्यातले साठ नग स्क्रू ड्रायव्हरचे बिट असतात आणि रॅचेट तिसऱ्या जोरकस नटाला दात सोडतं. त्याच पैशात निम्मी, पण धड हत्यारं येतात.

हत्यारंच गंजतात, त्याचं काय करायचं?

काम झालं की फडक्यावर थोडं इंजिन ऑइल घेऊन पुसा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, त्या याच डब्यात टाका. पडवीत खिळ्याला टांगलेला पाना श्रावणापर्यंत लाल होतो.

खाली शिरायचं आहे. जॅकने उचलून चिऱ्यावर टेकवली तर चालेल ना? सगळे तसंच करतात.

नाही चालणार. या पानावरचं दुसरं काहीही विसरलात तरी हे विसरू नका. चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा सच्छिद्र दगड आहे. भिंतीत तो वर्षानुवर्षं उभा राहतो, कारण तिथे वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. गाडीच्या सिलची, म्हणजे दारांखालच्या पट्टीची, कड म्हणजे बोटभर रुंदीची पट्टी, तिच्याखाली तो आधी काही न सांगता फुटतो. सिमेंटचा पोकळ ब्लॉकही तसाच. आणि स्टेपनीसोबतचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नसतं.

दोन जॅक स्टँड घ्या, गॅरेजवाले त्यांना घोडी म्हणतात. लहान गाड्यांना दोन किंवा तीन टनांच्या घोड्या भरपूर झाल्या. सिलच्या खाली दोन खाचांच्या मधली जागा मजबूत केलेली असते, घोडी तिथेच लावायची. अंगण मातीचं असेल तर घोडीखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा, नाहीतर पाय रुततात. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांच्या पुढे-मागे अडण घाला. तिथे मात्र चिरा खुशाल वापरा. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे काही सुटलंच तर गाडी त्यावर येईल. मग गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि घरात कुणी नसताना हे काम करू नका.

खारी हवा नेमकं काय खाते? कुठे बघायचं?

रंगावर नजर ठेवून उपयोग नाही, गंज आतून येतो. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरून उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती तांबड्या मातीने बुजली की दार आतल्या आत सडतं. काडी घालून मोकळी करा, दहा मिनिटांचं काम आहे. वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं, सुरूच्या काड्या साचतात. तिथलं पाणी तुंबलं की ते थेट गाडीच्या आत, पायाखाली येतं. लोक काचेच्या रबराला दोष देत बसतात.

नंतर बॅटरीखालचा ट्रे, चाकांच्या कमानींची आतली कड, सायलेन्सरचे सांधे, आणि मॅट उचलून त्याखालचा पत्रा. ब्रेकच्या धातूच्या नळ्यांवर फुगलेला गंज दिसला तर ते घरचं काम नाही, त्याच आठवड्यात गॅरेजला न्या.

जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने जाणारे, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ असा नेहमी प्रवास असणारे, यांनी घरी आल्यावर गोड्या पाण्याचा पाइप गाडीखाली फिरवावा. वरून धुवायची गरज नाही. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर मात्र ते खाली मारण्यात अर्थ नाही.

अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंज रोखणारा थर, घरी करता येतं का?

येतं, पण वेळ चुकली तर न केलेलं बरं. एप्रिल-मे हाच काळ. खाली चिखल किंवा ओल राहिली आणि वरून डांबरी थर मारला, तर मीठ आणि पाणी त्या थराखाली कोंडून राहतं आणि पत्रा आधीपेक्षा लवकर जातो. बाहेरून सगळं काळं कुळकुळीत दिसत असतं, म्हणून कळतही नाही.

आधी प्रेशरने धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा, सुटलेला गंज तारेच्या ब्रशने काढा, त्यावर प्रायमर, मग कोटिंग. ब्रेक डिस्क, सायलेन्सर, सेन्सर, रबरी बुश आणि पाणी निथळायची भोकं टेपने झाका. सिल आणि दारांच्या पोकळीत डांबरी थर नको, तिथे मेणासारखा पातळ स्प्रे मारतात. तो फटींत झिरपतो आणि कडक होऊन तडकत नाही. जुन्या गाडीला तर मी सगळीकडे मेणाचाच सुचवेन, दरवर्षी पुन्हा मारावा लागला तरी. आणि हे सगळं करताना घोड्यांबद्दल वर लिहिलंय ते पुन्हा वाचा.

सगळे बोल्ट स्टेनलेसचे करून टाकले तर?

नंबर प्लेट, मडगार्डची क्लिप, फॉग लॅम्पचा ब्रॅकेट इथे जरूर करा. दुकानात ३०४ आणि ३१६ अशा दोन जाती मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ती मिठाला जास्त दाद देत नाही. बंदराजवळ बोटींचं सामान विकणारी दुकानं असतात, तिथे विचारा.

पण चाकं, ब्रेक, सस्पेन्शन, सीट आणि सीट बेल्टचे बोल्ट बदलायचे नाहीत. त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो ताकदीचा आकडा. नेहमीचा स्टेनलेस बोल्ट त्याहून कमजोर असतो. शिवाय ॲल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस बोल्ट कोरडा बसवला तर खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) किंवा निदान ग्रीस लावा.

आंबोली आणि कुंभार्लीच्या धुक्यासाठी फॉग लॅम्प लावायचे आहेत. मला जमेल?

नवख्याने शिकण्यासाठी याहून चांगलं काम नाही, कारण यात रिले, फ्यूज, अर्थ, स्विच सगळं येतं. आधी गणित करा. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सव्वानऊ अँपिअरच्या आसपास. इतका करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेला तर स्विच जळतो. म्हणून रिले, म्हणजे बारीक करंटने चालणारा मोठ्या करंटचा स्विच.

रिलेला चार पाय असतात. ३० वर बॅटरीच्या प्लसची वायर, मध्ये १५ अँपिअरचा निळा फ्यूज. ८७ वरून दिव्यांना. ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. ८६ ला स्विचमधून येणारी बारीक वायर, आणि स्विचला सप्लाय पार्किंग लाइटच्या सर्किटमधून घ्या, म्हणजे गाडी बंद करताना दिवे चालू राहून बॅटरी उतरणार नाही. जाड वायर अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची. शक्य असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या, मच्छीमार बोटींवर तीच वापरतात. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली वायर उघडी पडून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं काहीच नसतं, आणि गाड्या पेटतात त्या अशाच.

अर्थ देताना बॉडीचा रंग नखाएवढा खरवडून लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) घट्ट कसा, मग त्यावर ग्रीस किंवा रंग लावून जागा बंद करा. ते विसरलात तर दुसऱ्या वर्षी तिथे गंजाचं फूल उमललेलं असेल. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर चौकोनी सेन्सर असेल तर अर्थ थेट टर्मिनलला जोडू नका, बॉडीलाच द्या.

सांधा करताना वायर पिळून काळी टेप गुंडाळणं बंद करा. मेच्या उन्हात टेपचा डिंक ओघळतो आणि जूनमध्ये पाणी शिरतं. क्रिंपिंगच्या पक्कडीने लग दाबा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी घाला. न सोलता वायरीवर चिमटवायचे प्लॅस्टिकचे क्लिप मिळतात, तेही इथे नकोत. भोक बुजवायला बाथरूमचा आंबट वासाचा सिलिकॉन वापरू नका. तो वास ॲसेटिक ॲसिडचा, आणि ते तांबं खातं. रिले पाय खाली करून बसवा. कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ सोडा, पाणी तिथून टपकून जाईल. बोनेटमधून आत वायर नेताना नवं भोक पाडू नका. मूळ वायरिंग जिथून गेलंय त्या रबरी बुचातून न्या.

दिवे बंपरमध्ये, खालीच हवेत. धुक्यात वरून प्रकाश मारला तर तो परत डोळ्यांवर येतो. टपावर एलईडीची लांब पट्टी लावून घाटात समोरच्याला आंधळं करणाऱ्यांविषयी काय बोलावं!

हेडलाइटला १००/९० वॉटचा बल्ब टाकला तर?

मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. जास्त वॉटच्या बल्बने करंट दीडपटीच्या वर जातो. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी कोंबला तर प्रकाश विस्कटतो. आधी काच पॉलिश करा, वायरिंगमध्ये व्होल्टेज पडतंय का ते मोजा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो.

मल्टीमीटर घेतला. त्याने नक्की काय बघू?

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं की ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्म्यावर. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी भरणारा जनरेटर) हुशार असतो, आकडा खाली-वर होतो. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी जमते ती कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा, जोडणी झाल्यावर व्हॅसलीन लावा.

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कारण साधं आहे: प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असला, तर ठिणग्या उडून पाना वितळतो.

मुंबईला असतो, गाडी गावच्या घरी महिनोन्महिने उभी. काय करून जाऊ?

बॅटरीचा मायनस काढा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकांना अडण घाला. टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय जास्त. ताडपत्री अजिबात नको, खालची वाफ कोंडते. कापडी कव्हर घाला किंवा नुसती मांडवाखाली ठेवा. पेट्रोलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवा साचते आणि पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं.

मग उंदीर. पेंढ्याच्या उडवीजवळ, नारळाच्या ढिगाशेजारी गाडी लावलीत तर तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या दोन-चार दिवस पुरतात. आत खायचं काही ठेवू नका, गाडीच्या आत हवा घेणाऱ्या तोंडावर स्टीलची बारीक जाळी बसवा. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन आठवड्यातून एकदा बोनेट उघडायला सांगितलंत तर त्याहून चांगलं. फक्त गणपतीला येताना पेढे विसरू नका.

मॅट कोणते घ्यावेत?

साधे रबरी, कडा उंच असलेले. चामड्यासारखे शिवलेले जाड 'सेव्हन डी' मॅट या पावसात मला पटत नाहीत. खालचा कार्पेट ओला झाला की गणपती येईपर्यंत वाळत नाही, वर बुरशी आणि खाली गंज. ड्रायव्हरच्या बाजूला एकावर एक दोन मॅट कधीच नको, पेडल अडकतो.

रुंद टायर टाकले तर रस्ता जास्त धरेल का?

बेतात. नव्या टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्ही फसतात. उदाहरणार्थ १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि १८५/६५ आर १५ चा सुमारे ६२२. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराचं माप घेणं सगळ्यात सुरक्षित. तुंबलेल्या पाण्यावर टायरची रुंदी नाही, खाच कामी येते. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी मी घाटाला तीनच्या खाली गाडी नेत नाही.

गाडी खाली घासते. स्प्रिंगमध्ये रबरी स्पेसर टाकू?

नको. स्प्रिंगचं काम बिघडतं, हेडलाइटचा रोख वर जातो. जांभ्याच्या पाणंदीतून घासत असेल तर इंजिनखाली पत्र्याचा गार्ड बसवा आणि शॉकअप तपासा. ते बसलेले असले की गाडी आपोआप खाली येते.

टचस्क्रीन आणि मागचा कॅमेरा?

तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलं कपलर मिळतं, ते घ्या. मूळ वायर कापू नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. कॅमेऱ्याची वायर डिकीच्या झाकणातल्या रबरी नळीतूनच न्या.

पोलीस आणि आरटीओ काय म्हणतील?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढचा लोखंडी बुल बार नको, तो अपघातात धक्का शोषू देत नाही आणि एअरबॅगच्या वेळेतही ढवळाढवळ करतो. सुरांचा हॉर्न नको. काचेतून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूने ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा. काळी फिल्म लावून एमएच-०८ (रत्नागिरी) किंवा एमएच-०७ (सिंधुदुर्ग) मध्ये फिरायचं तर खिसा सैल ठेवा. सीएनजी किटची नोंद आरसी आणि विमा दोन्हींवर लागते, आणि ते घरी करायचं कामच नाही.

पुराचं पाणी गाडीत शिरलं तर?

चावी फिरवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारात घुसलं, शेकडो गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी सुरू करून बघायचा मोह फार महागात पडतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मायनस काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टो करून न्या. एअर फिल्टर ओला आहे का आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय का, एवढं स्वतः बघता येतं.

टायरची हवा कमी करून पुळणीवर गाडी न्यायची आहे. पंप कोणता घेऊ?

पंप जरूर घ्या, स्टेपनीसाठी. इंजिन चालू ठेवून वापरा आणि सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते आधी बघा. पुळणीवर मात्र गाडी नेऊ नका. अनेक ठिकाणी मनाई आहे. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात. आणि भरती कुणासाठी थांबत नाही. रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत आलेलं असतं.

गॅरेजवाल्या भाऊंना राग येईल का, मी स्वतः करायला लागलो तर?

येत नाही. उलट गंजलेला बोल्ट तुटायच्या आधी त्यांच्याकडे गेलात तर खूशच होतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी थोडं कसून मग सोडवा, तरीही हलला नाही तर थांबा. त्यांच्याकडे गॅसची बत्ती असते, तुमच्याकडे नसावी.

वॉरंटी जाईल का?

मॅट, वायपर, टायरने नाही. वायर कापलीत तर त्या वायरीशी संबंधित बिघाडावर कंपनी हात वर करू शकते. काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा, काढलेले मूळ भाग माळ्यावर जपून ठेवा.